जंजिरा पाहावा गावासारखा : लोणी भापकरहून होडीच्या सहलीची तयारी

दर हिवाळ्यात आपल्या भागातून मुरूडच्या जंजिऱ्याला गाड्या भरून जातात. लोणी भापकर, मोरगाव, सुपे, पणदरे, पलीकडे इंदापूरपर्यंतची गावे. कधी शाळेची सहल, कधी भावकीतली मंडळी, कधी बचत गटातल्या बायका. बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. रात्री जेवून निघायचे, घाट उतरेपर्यंत पहाट करायची, दुपारी राजपुरीच्या धक्क्यावर रांगेत ताटकळायचे, पाऊण तासात किल्ला पळत पाहायचा, तोफेजवळ फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत परतीला लागायचे. एवढा प्रवास करून जंजिरा पाहिल्याचे समाधान होते, पण जंजिरा समजत नाही.

समुद्रात उभी असलेली ही जागा केवळ किल्ला नव्हती. तिथे घरे होती, मोहल्ले होते, गोड्या पाण्याचे तलाव होते, नांदती कुटुंबे होती. तटाच्या आत वसलेले ते एक गाव होते. ते गाव म्हणून पाहायचे असेल तर दोन गोष्टी घरूनच ठरवून निघावे लागते : समुद्राची वेळ आणि आपल्या डोळ्यांनी शोधायच्या जागा. हा लेख त्या तयारीसाठी आहे.

आधी थोडा इतिहास

रायगड जिल्ह्यात मुरूडच्या दक्षिणेला चार-पाच किलोमीटरवर राजपुरी हे कोळ्यांचे गाव आहे. त्याच्यासमोर खाडीच्या तोंडाशी एका खडकाळ बेटावर जंजिरा उभा आहे. पंधराव्या शतकात इथल्या कोळ्यांनी चाच्यांपासून बचावासाठी या बेटावर लाकडी मेढेकोट उभारला होता. राम पाटील हा त्यांचा प्रमुख. निजामशाहीच्या पिरमखानाने व्यापाऱ्याचा वेष घेऊन तो कोट ताब्यात घेतला, अशी कथा सांगितली जाते. पुढे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेढेकोटाच्या जागी दगडी तट उभा राहिला आणि सतराव्या शतकात बेट सिद्दींच्या हाती आले. हे सिद्दी मूळचे आफ्रिकेतल्या हबसाणातले, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूचे. ज्या मुलखातून मलिक अंबर दख्खनमध्ये आला, तिथलेच हे लोक. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. तोवर हा किल्ला लढून कुणालाही घेता आला नाही.

प्रयत्न मात्र अनेकांनी केले. छत्रपती शिवाजी महाराजांनी वारंवार मोहिमा काढल्या. १६७६ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत लाय पाटील या कोळी वीराने रात्रीच्या अंधारात तटाला शिड्या लावल्या. पण पाठीमागून येणारे सैन्य वेळेवर पोहोचले नाही आणि उजाडायच्या आत शिड्या काढून घ्याव्या लागल्या. संभाजी महाराजांच्या काळात कोंडाजी फर्जंद फितूर झाल्याचे भासवून किल्ल्यात शिरला, दारूकोठार उडवण्याचा त्याचा बेत फुटला आणि त्याला प्राण गमवावे लागले. १६८२ च्या सुरुवातीला संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून बेटापर्यंत भराव टाकून सेतू बांधायला घेतला. मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे ते काम सोडावे लागले. पुढे १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी सिद्दी सातचा लढाईत पराभव केला. त्यात सिद्दी सात मारला गेला आणि सिद्दींचा जोर ओसरला. बेट तरीही त्यांच्याकडेच राहिले.

गाडीत बसल्यावर एवढा इतिहास मुलांना सांगावा. मग होडीतून तट दिसताच प्रश्न आपोआप पडतो : एवढे सगळे झाले तरी हे बेट पडले का नाही? उत्तराचा शोध किल्ल्यात घ्यायचा आहे.

एक दिवस की दोन?

लोणी भापकरहून राजपुरी जाऊन-येऊन एका दिवसात करण्याचा हट्ट धरू नका. एका बाजूचे अंतर सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर पडते आणि वाटेत पुण्याची वाहतूक व घाट दोन्ही आहेत. चहापाण्यासह सहा-सात तास सहज लागतात. एका दिवसात करायचे तर चालकाला रात्रभर जागावे लागते आणि घाटात पेंगुळलेला चालक हा सहलीतला सर्वांत मोठा धोका असतो. होडीचा दिवस एकच ठेवा, पण त्याच्या आदल्या रात्री मुक्काम मुरूडला करा.

रस्ता असा : लोणी भापकर, मोरगाव, जेजुरी, सासवड, दिवे घाट, हडपसर, पुणे. चांदणी चौकातून पौड, मुळशी आणि ताम्हिणी घाट. घाट उतरल्यावर विळे येथे दोन वाटा होतात. एक कोलाड आणि रोह्यावरून मुरूडला जाते. दुसरी निजामपूर, माणगाव, इंदापूर, तळा, आगरदांडा अशी राजपुरीला येते.

या दुसऱ्या वाटेवर आपल्याकडच्या लोकांची एक हमखास गडबड होते. मुंबई-गोवा महामार्गावरचे हे इंदापूर रायगड जिल्ह्यातले आहे. मोबाईलच्या नकाशात नुसते ‘इंदापूर’ टाकले तर तो आपल्या पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरकडे परत फिरवू शकतो. म्हणून नकाशात शेवटचे ठिकाण ‘राजपुरी जेट्टी’ असे टाका आणि मधल्या गावांची यादी कागदावर लिहून चालकाजवळ द्या. ताम्हिणीत काही टप्प्यांत मोबाईलला रेंज मिळत नाही. तेव्हा कागदच उपयोगी पडतो.

नीरा, भोर, वरंध घाट, महाड ही वाट पुण्याची गर्दी टाळते, पण वरंध घाट अरुंद आहे आणि दरडींमुळे अनेकदा बंद असतो. मोठी बस घेऊन तिकडे जाऊ नका. लहान गाडी असेल तरी घाट चालू असल्याची खात्री भोरमध्ये करून घ्या.

शाळेची सहल असेल तर बारामती आगारात आधी चौकशी करा. शैक्षणिक सहलीला एसटी भाड्यात सवलत देते. त्यासाठी मुख्याध्यापकांचे पत्र, विद्यार्थ्यांची यादी आणि शिक्षण विभागाची परवानगी लागते. डिसेंबर-जानेवारीत गाड्यांना मागणी फार असते, त्यामुळे दिवाळीची सुट्टी संपताच अर्ज केलेला बरा.

तिथी पाहून दिवस ठरवा

आपण घाटमाथ्यावरची माणसे. पाणी वरून खाली वाहते, एवढेच आपल्याला माहीत असते. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. जंजिऱ्याच्या सहलीतली निम्मी सोय-गैरसोय या चढ-उतारावर ठरते. राजपुरीला होडीत चढणे आणि किल्ल्याच्या पायऱ्यांवर उतरणे, दोन्ही त्यावर अवलंबून असते.

कोकणात भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करायची; जे उत्तर येते, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती असते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे बारा वाजून पंचेचाळीस मिनिटे. हा हिशेब शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना लागू आहे, आणि पहाटे-सकाळी जी वेळ येते तिच्या आसपासच दुपारनंतर दुसरी भरती येते. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चाला, पण दिवस ठरवायला एवढे पुरते. त्यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर पुरेसे आहे.

आता दुसरी गोष्ट. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी खूप चढते आणि तितकेच खाली जाते, प्रवाहही जोरात असतो. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची भरती असते. चढ-उतार कमी, पाणी त्या मानाने संथ. या दोन्हींचा मेळ घातला तर सकाळच्या होडीसाठी दशमी, एकादशी आणि द्वादशी हे दिवस चांगले पडतात. भांग नुकताच सरलेला असतो, आणि सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान पाणी भरलेले असते. होडी पायरीला नीट लागते. ओहोटीला पायऱ्यांचा शेवाळलेला भाग उघडा पडतो, त्याच्यावरून पाय सटकतो, आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा पाय कापतात. घरात एकादशीचा उपास धरणारी मंडळी असतील तर त्यांच्यासाठी द्वादशी सोयीची.

सकाळचा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे. रात्री जमीन लवकर थंड होते म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दिवस चढला की जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो. दुपारनंतर हा खारा वारा वाढतो, लाटा उठू लागतात आणि होडी जास्त हलते. सकाळी पाणी शांत, ऊन कमी आणि रांग लहान असते.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर काळ्या दगडांवर ऊन असह्य होते. पावसाळ्यात, साधारण मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत, होड्या बंद असतात. त्या दिवसांत कुणी खासगी होडीने नेतो म्हणाला तरी जाऊ नका. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी होड्या काही काळ थांबतात. शनिवार, रविवार आणि नाताळचा आठवडा टाळता आला तर मंगळवार-बुधवारी जा. ठरवलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी राजपुरीच्या धक्क्यावर जाऊन उद्याची पहिली होडी किती वाजता, हे स्वतः विचारून या. हिशेब काहीही म्हणो, वारा आणि पाणी पाहून होडीवाला नको म्हणाला तर तो शेवटचा शब्द समजावा.

होडीत बसताना

राजपुरीहून शिडाच्या होड्या सुटतात. वारा बरा असेल तर पंधरा-वीस मिनिटांत किल्ला गाठतात. तिकीट धक्क्यावरच्या खिडकीवर काढायचे; सुटे पैसे जवळ ठेवा.

ज्यांनी कधी होडीत पाय ठेवला नाही त्यांच्यासाठी हे नियम पाळावेत.

जीवरक्षक जाकीट सगळ्यांनी घालायचे, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकून मोठी जीवितहानी झाली. अपघात सांगून होत नाही. जाकिटाचे पट्टे बांधल्याशिवाय त्याचा उपयोग नसतो, म्हणून लहान मुलांचे पट्टे मोठ्यांनी तपासावेत. लहान मुलाच्या मापाचे जाकीट नसेल तर दुसऱ्या होडीपर्यंत थांबा.

होडी माणसांनी खच्चून भरलेली दिसली तर चढू नका. रांगेतला नंबर गेला तरी चालेल.

चढताना आणि उतरताना हात मोकळे हवेत. पिशव्या पाठीला, मोबाईल खिशात. नऊवारी किंवा लांब घेराची साडी असेल तर पदर खोचून घ्यावा. गुळगुळीत तळव्याच्या चपला घरी ठेवून खाचा असलेले, मागे पट्टा असलेले पायताण घालावे.

किल्ल्याच्या दरवाजाशी होडी लाटेबरोबर वरखाली होत असते. उतरवणारा माणूस ‘आता’ म्हणेल तेव्हाच पाय टाकायचा. होडी वर आल्यावर पाय टाकणे सोपे, खाली जाताना अवघड. दोघांनी एकदम उतरू नये. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना, गरोदर बायकांना आणि नुकते ऑपरेशन झालेल्यांना हा भाग झेपत नाही. त्यांनी किनाऱ्यावर थांबावे. त्यांच्यासाठी दुसरी सोय शेवटी दिली आहे.

होडी लागण्याची भीती असेल तर रिकाम्या पोटी जाऊ नका आणि भरपेट खाऊनही जाऊ नका. निघण्यापूर्वी तासभर आधी थोडी भाकरी किंवा पोहे खावेत. होडीत मोबाईलमध्ये बघू नये; दूरच्या किनाऱ्यावर नजर ठेवावी. आलेपाकाची वडी तोंडात धरली तर बरे वाटते. औषध घ्यायचे असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावे.

किल्ल्यातला तास

होडीवाले किल्ल्यात साधारण पाऊण तास ते तासभर देतात आणि नंतर हाका मारू लागतात. सुमारे बावीस एकरांच्या बेटावर सगळे पाहणे तेवढ्या वेळात शक्य नाही. म्हणून आधीच ठरवा. धक्क्यावरच विचारून घ्या : जास्त वेळ मिळेल का, नंतरच्या होडीने परत येता येईल का? सकाळच्या पहिल्या फेरीत हे बहुधा जमते.

पाहण्याचा क्रम असा ठेवावा.

पहिली जागा, दरवाजा. किनाऱ्यावरून पाहिले तर तट सलग दिसतो, दरवाजा कुठे आहे ते कळतच नाही. होडी अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या आडोशातून तो उघडतो. हल्ला करणाऱ्याला तोफेचा नेम कुठे धरावा तेच कळू नये अशी ही योजना. आत शिरताना भिंतीवरचे शिल्प पाहा : एका हिंस्र श्वापदाने पंजांत, तोंडात आणि शेपटीत हत्ती पकडले आहेत. समोरच्या सत्तांना दिलेला हा इशारा, असा त्याचा अर्थ लावला जातो.

दुसरी जागा, तट. सुमारे चाळीस फूट उंचीचा तट आणि एकोणीस बुरूज. समुद्राकडच्या दगडांकडे जवळून पाहा. खाऱ्या वाऱ्या-पाण्याने काळा दगड झिजून आत गेला आहे आणि त्यामधले चुन्याचे सांधे मात्र पुढे आलेले दिसतात. घाईत हे कुणाच्या लक्षात येत नाही. मुलांना बोट लावून दाखवावे. इतक्या वर्षांत दगड हरला आणि चुना टिकला.

तिसरी जागा, कलाल बांगडी. राजपुरीच्या दिशेने तोंड करून असलेली ही पंचधातूची प्रचंड तोफ. तिचे वजन बावीस टन असल्याचे सांगतात. तिच्यासोबत चावरी आणि लांडा कासम या तोफांचीही नावे घेतली जातात. तोफेवर चढू नका, तिच्यावर मुलांना बसवू नका. ही जागा केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षित वास्तूची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भिंतीवर नाव कोरणेही त्यातच येते.

चौथी जागा, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची : गोड्या पाण्याचे तलाव. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याचे दोन तलाव. मोठ्या तलावाच्या काठावर किमान दहा मिनिटे बसा. लोणी भापकरच्या मुलांना हे कुणी वेगळे समजावून सांगायला नको. मल्लिकार्जुन मंदिराजवळची आपली पुष्करणी त्यांनी लहानपणापासून पाहिली आहे. तिच्या पायऱ्या, तिचे कोनाडे, यज्ञवराहाचे शिल्प, हे सगळे त्यांच्या ओळखीचे. आपला भाग जिरायती. पाणी साठवले तर गाव टिकते, हे आपल्या वाडवडिलांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. जंजिऱ्याचे गणितही तेच आहे. वेढा घालणाऱ्याला बाहेरून तहान लादता आली नाही. तोफा आणि तट जितके महत्त्वाचे, तितकाच हा तलाव. सहलीला निघण्याच्या आधीच्या रविवारी मुलांना पुष्करणीवर न्या आणि मग हा तलाव दाखवा. दोन्ही जागा त्यांना एकदम समजतील.

पाचवी जागा, तलावाजवळचा सिद्दी सुरुलखानाचा पडका वाडा. तीन-चार मजल्यांची ही इमारत आज नुसती उभी आहे. आत शिरणे धोक्याचे. बाहेरूनच खिडक्यांच्या ओळी मोजा. वाड्याभोवतीच्या झाडीत घरांची जोती, पायऱ्या, भिंती दिसू लागतात. इथेच वस्ती होती. संस्थान विलीन झाल्यावर उरलेली कुटुंबे हळूहळू किनाऱ्यावर राहायला गेली. सिद्दी नवाबांचे बस्तान त्याआधीच मुरूडला हलले होते. वाट कुठून कुठे जात असेल, बाया पाण्याला कुठून येत असतील, असे प्रश्न मुलांना विचारा. पडक्या भिंती पाहायला कंटाळणारी मुले असा शोध लावून दिला की थांबत नाहीत.

सहावी जागा, वरचा बालेकिल्ला. वेळ आणि दम असेल तर चढा. इथून वायव्येला समुद्रात पद्मदुर्ग दिसतो, पूर्वेला राजपुरीच्या मागच्या टेकडीवर सामराजगडाची जागा. सिद्दीला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी हे दोन्ही उभारले. पद्मदुर्गाचे काम चालू असताना, जानेवारी १६७५ मध्ये, आरमाराला वेळेवर धान्य आणि पैसा पोहोचला नाही म्हणून महाराजांनी प्रभावळीच्या सुभेदाराला, जिवाजी विनायकाला, अतिशय कडक शब्दांत पत्र लिहिले. समुद्रातला किल्ला शेवटी धान्याच्या गोण्यांवर आणि पाण्याच्या घागरींवर उभा असतो, हे त्या पत्रावरून कळते. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला ही गोष्ट आवर्जून सांगावी.

पश्चिमेचा दर्या दरवाजा खुल्या समुद्राकडे उघडतो. तिथे लाटा थेट आदळतात. मुलांना एकटे पाठवू नका, कडेला उभे राहून फोटो काढू नका.

वाटाड्याचे ऐकताना

होडीत आणि किल्ल्यात माहिती सांगणारा स्थानिक माणूस भेटतो. त्याची मिळकत या हंगामावर चालते. ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत. त्याच्या बोलण्यात दोन थर असतात. एक थर त्याच्या घरातून आलेला : वारा, प्रवाह, मासे, किल्ल्यात राहून गेलेल्या माणसांच्या आठवणी. हा थर मोलाचा, तो खोदून विचारावा. ‘तुमच्या घरातले कुणी किल्ल्यात राहत होते का?’ असा साधा प्रश्न विचारा. पुष्कळदा पाठ केलेले बोलणे थांबून खरी गोष्ट सुरू होते. दुसरा थर कथांचा : समुद्राखालून राजपुरीपर्यंत गेलेले भुयार, फुगवून सांगितलेले तोफांचे आकडे. त्या ऐकाव्यात, पण मुलांना ‘ही कथा आणि हा इतिहास’ असा फरक तिथल्या तिथे सांगावा.

आणखी एक विनंती. जंजिऱ्याची गोष्ट सांगताना कुणाकुणाची जीभ दोन धर्मांच्या भांडणाकडे घसरते. इथे एका आरमारी सत्तेची दुसऱ्या आरमारी सत्तेशी लढाई होती. सिद्दींच्या किल्ल्यात हिंदू वस्तीही होती, आणि शिड्या लावणारा लाय पाटील याच किनाऱ्याचा कोळी होता. राजपुरीत आजही कोळी आणि मुसलमान शेजारी राहतात आणि त्याच समुद्रावर पोट भरतात. पाहुणा म्हणून जाताना आपले बोलणे जपावे.

किनाऱ्यावरची शिस्त

मुरूडचा समुद्रकिनारा सुंदर आहे आणि तितकाच फसवा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी इथे बुडाले. विहिरीत पोहणारा माणूस समुद्रात पोहू शकतो, असे समजू नका. ओहोटी लागली की पाणी पायाखालची वाळू काढत आत ओढते, आणि कंबरेएवढे वाटणारे पाणी दोन पावलांवर गळ्याला लागते. सहलीत नियम एकच ठेवा : घोट्याच्या वर पाणी नाही. शाळेची सहल असेल तर दर दहा मुलांमागे एक शिक्षक पाण्याकडे पाठ न करता उभा राहील. संध्याकाळी अंधार पडण्याच्या आत सगळ्यांना किनाऱ्यावरून परत आणा आणि मोजणी करा.

दोन दिवसांचे वेळापत्रक

पहिला दिवस. पहाटे पाचला लोणी भापकर सोडा. सातच्या आत पुणे ओलांडता आले तर गर्दी चुकते. मुळशीच्या पुढे न्याहारी. घरची शिदोरी असेल तर उत्तम. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा दिवसभर टिकतो. दुपारी एकच्या सुमारास मुरूड. जेवण आणि विश्रांती झाल्यावर राजपुरीजवळच्या खोकरीचे घुमट पाहा. सुरुलखान, याकूतखान आणि खैरियतखान या सिद्दींच्या या दगडी कबरी. उद्या ज्याचा पडका वाडा पाहायचा, त्या सुरुलखानाची कबर आज पाहिली की ते नाव लक्षात राहते. पादत्राणे बाहेर काढा, आवाज खाली ठेवा. संध्याकाळी धक्क्यावर होडीची चौकशी, मग किनारा, लवकर जेवण, लवकर झोप.

दुसरा दिवस. साडेसहाला चहा आणि हलके खाणे, साडेसातपर्यंत धक्क्यावर. पहिल्या किंवा दुसऱ्या होडीने किल्ला. साडेदहापर्यंत परत. भूक सणकून लागलेली असते. मुरूडमध्ये घरगुती खाणावळीत तांदळाची भाकरी, माशाचे कालवण, सोलकढी मिळते. शाकाहारी मंडळी असतील तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा. बाराच्या आसपास निघालात तर घाट उजेडात चढून होतो आणि रात्री आठ-नऊपर्यंत घरी पोहोचता येते. नवाबांचा राजवाडा मुरूडच्या वाटेवरून दिसतो, पण ती खासगी मालमत्ता आहे, बाहेरूनच पाहावा.

सोबत न्यायचे सामान थोडकेच असावे : प्रत्येकाला पाण्याची बाटली, कारण किल्ल्यातल्या तलावाचे पाणी प्यायचे नाही, टोपी किंवा उपरणे, नेहमीची औषधे, मलमपट्टी, मोबाईलसाठी प्लॅस्टिकची पिशवी, कोरडे कपडे, ओळखपत्र, रोख पैसे. एक रिकामे पोते न्या. आपला सगळा कचरा त्यात भरून परत आणायचा.

ज्यांना जंजिरा झेपणार नाही

थकलेल्या माणसांना घरी ठेवून जाण्यापेक्षा त्यांच्यासाठी वेगळी सहल आखता येते. घारापुरीला गेटवेहून बोटीने तासाभरात जाता येते, तिथे नीट धक्का आहे, लेणी १९८७ पासून जागतिक वारशात आहेत. पायऱ्या मात्र शंभराच्या वर आहेत आणि सोमवारी लेणी बंद असतात.

त्याहून जवळचे हवे असेल तर उजनीचे पाणी आपल्या दाराशी आहे. इंदापूर तालुक्यातल्या कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला मच्छीमार होडीतून नेतात. पाणी संथ आणि अंतर तास-दीड तासाचे. ज्यांना होडीची भीती वाटते त्यांनी जंजिऱ्याआधी इथे एक सकाळ घालवावी. उजनीच्या पाण्यातही एक जुने गाव आहे : पळसदेव. धरणाचे पाणी फार खाली गेले की तिथले पुरातन मंदिर उघडे पडते.

आणि जंजिरा पाहून झाल्यावर ज्या मुलांचे प्रश्न संपणार नाहीत, त्यांना पुढच्या वर्षी मालवणला न्या. सिंधुदुर्गाचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरू केले. २०२५ मध्ये जागतिक वारशात गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. तिथे तटाच्या आत आजही काही कुटुंबे राहतात आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. ओसाड झालेले बेट एकदा आणि नांदते बेट एकदा, असे दोन्ही पाहिल्यावर गाव कशाने टिकते आणि कशाने उठते, हे मुले स्वतःच सांगू लागतील. सहलीचा खर्च आणि शीण त्या एका उत्तरासाठी सोसण्याजोगा आहे.